कॉर्नफ्लोअर आणि बटाटा न घालता दाट, मलईदार, पोटभरीचं सूप

ओवी_के

बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं. घरी बाबांना डायबेटिस आहे, रात्रीचा भात-भाकरी कमी करायचं ठरलं, आणि मग सगळे सांगतात तसं "रात्री सूप घेत जा" सुरू झालं. पण आपल्याकडे सूप म्हणजे काय, तर एक हॉटेलातलं कॉर्नफ्लोअर लावलेलं, दुसरं पाकिटातलं, आणि तिसरं आजाऱ्याला देतात तसं भाज्यांचं पाणी. पहिल्या दोन्हीत पीठ आणि बहुतेकदा साखर, तिसऱ्याने भूक भागत नाही, दहा वाजता माणूस परत किचनमध्ये डबे उघडायला लागतो. म्हणजे कार्ब कमी करायला सूप घेतलं आणि वर दोन मुठी चिवडा खाल्ला असं होतं.

तर माझं म्हणणं असं की सूप दाट करायला पीठ लागतच नाही. मऊ शिजवून अगदी बारीक वाटलेली भाजी स्वतःच दाट होते, त्यात भिजवून वाटलेल्या बिया घातल्या की अंग धरतं, आणि शेवटी लोणी, साय, पनीर असं काहीतरी स्निग्ध आलं की जिभेवर ते मलईसारखं लागतं. आकडे बघायचे तर १०० ग्रॅम बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कार्ब, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये ५ आणि त्यातले २ तंतूचे. दुधी आणि मशरूम तर साडेतीनच्या आत. कॉर्नफ्लोअर जवळजवळ सगळंच कार्ब, एक मोठा चमचा म्हणजे ७ ग्रॅम, आणि पातेलंभर सूपला लोक तीन-चार चमचे सहज लावतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते फ्लॉवर-मगजचं सूप (मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया). तिघांना रात्रीचं जेवण म्हणून पुरतं. साफ केलेला फ्लॉवर ४०० ग्रॅम घ्या, तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, अळ्या असल्या तर वर येतात, आणि मग स्वच्छ पंचावर पसरून खरंच कोरडे होऊ द्या, ही पायरी टाळू नका. ओले तुरे कढईत टाकले की ते भाजले न जाता वाफेवर शिजतात आणि तो खमंगपणा येत नाही. इकडे ३ मोठे चमचे मगज गरम पाण्यात भिजत घालायचा. जाड बुडाच्या कढईत २ चमचे लोणी किंवा तूप, त्यात निम्मे तुरे मोठ्या आचेवर, सारखे हलवत बसायचं नाही, एका बाजूला तपकिरी डाग पडेपर्यंत तसेच राहू द्यायचे, मग उलटायचे. बाहेर काढून ठेवा, त्याच कढईत एक लहान कांदा आणि ६-७ लसूण पाकळ्या मंद आचेवर परता, कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ. आता सगळा फ्लॉवर, ४ वाट्या पाणी किंवा चिकन स्टॉक, मीठ, झाकण ठेवून १२-१५ मिनिटं. देठ नखाने सहज तुटला पाहिजे, तुऱ्याचं मऊ झालं म्हणून थांबू नका, देठ कच्चा राहिला की सूप रवाळ होतं.

वाटताना आधी मगज एकटा, दोन चमचे पाण्यात, चटणीच्या भांड्यात लोण्यासारखा होईपर्यंत. मग शिजलेला फ्लॉवर थोडा गार करून मिक्सरला, त्यातच १०० ग्रॅम ताजं पनीर. पनीर गरम भाजीबरोबर दोन-तीन मिनिटं फिरलं की त्याचे दाणे राहत नाहीत, एकदम रेशमी होतं, आणि क्रीम न घालता क्रीमची चव येते. परत कढईत घेऊन मगजाची पेस्ट, ताजी कुटलेली काळी मिरी, जायफळ अगदी चिमूटभर. चमचा बुडवून बाहेर काढला आणि पाठीवर बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहिली पाहिजे. घट्ट वाटलं तर गरम पाणी घाला. वरून थोडे भाजलेले तुरे वाटायच्या आधीच बाजूला ठेवले असतील ते घालायचे, खाताना दाताखाली काहीतरी आलं की जेवल्यासारखं वाटतं.

माझ्या हिशेबाने एका माणसाच्या वाट्याला १२-१३ ग्रॅमच्या आसपास कार्ब येतं, म्हणजे ब्रेडच्या एका स्लाइसएवढं. पनीर आहे म्हणून प्रोटीनही थोडं येतं, पण जेवण म्हणून घ्यायचं तर बरोबर एक उकडलेलं अंडं किंवा वरून पनीरचे अजून चार तुकडे पाहिजेतच.

तुमच्याकडचे प्रकार लिहा. विशेषतः पावसाळ्यात फ्लॉवर महाग आणि किडका असतो तेव्हा काय करता ते.


रानजाई

मस्त धागा ओवी! पाकृ वाचूनच करावंसं वाटलं. एक विचारायचं होतं, फ्लॉवरचा जो उग्र वास येतो त्याचं काय करतेस? आमच्याकडे अहो त्या वासानेच ताटावरून उठतात. मी कुकरला तीन शिट्ट्या काढते, म्हणजे पटकन होतं.


ओवी_के

@रानजाई, अगं कुकरमुळेच येतो तो वास. कोबी-फ्लॉवरमध्ये गंधकाची संयुगं असतात, जितका जास्त वेळ आणि जितका जास्त शिजेल तितका वास वाढत जातो. कढईत झाकण ठेवून पंधरा मिनिटांत काम होतं, आणि पहिली पाच मिनिटं झाकण थोडं तिरकं ठेव म्हणजे वाफेबरोबर निघून जातो. निम्मे तुरे भाजून घेतल्यानेही खूप फरक पडतो. एक तमालपत्र टाकून बघ.

आणि सगळ्यांसाठी, गरम सूप मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरून फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि चांगलंच भाजतं. निम्मंच भरा, गार होऊ द्या. हँड ब्लेंडर असेल तर प्रश्नच नाही, सरळ कढईत चालवा.


पंचगंगाकाठी

ओवीताई, धागा झकास आहे, पण कोल्हापूरच्या माणसाला मलईदार लो-कार्ब सूप शिकायला लांब जायला नको. आमचा पांढरा रस्सा म्हणजे दुसरं काय आहे? त्यात ना पीठ, ना बटाटा, ना साखर. लोक तांबड्यावर तुटून पडतात आणि पांढरा वाटीभर पिऊन सोडून देतात, पण एकटा पांढरा रस्सा नीट केला आणि त्यात मटणाचे तुकडे ठेवले तर त्याच्यासारखं रात्रीचं जेवण नाही.

घरची पद्धत लिहितो. अर्धा किलो मटण, नळी आणि हाडं असलेलं घ्यायचं, नुसतं बोनलेस घेऊन अळणीला चव येत नाही. आलं-लसूण वाटण आणि मीठ चोळून तुपावर परतायचं, गरम पाणी घालायचं आणि मंद शिजू द्यायचं. हळद घालायची नाही, रंग पिवळट होतो. लाल तिखट तर नाहीच. मटण शिजलं की जे पाणी उरतं ते अळणी, तेच आमच्याकडं आजारी माणसाला, बाळंतिणीला पाजतात, तोच या रश्श्याचा जीव आहे.

मग वाटण. एक चमचा पांढरे तीळ, एक चमचा खसखस, ८-१० काजू, काजू नको असतील तर मगज घ्या, काजूत पिष्ट असतं त्यामुळं ते दाटपणा लवकर देतात पण कार्बपण तिथंच येतं. खसखस आधी कोरडी जरा गरम करून लहान भांड्यात सुकीच फिरवायची आणि मग पाणी. एकदम पाणी घातलं की ती भांड्यात गरगर फिरत राहते आणि वाटलीच जात नाही, मग रस्सा तोंडात कचकच लागतो. अर्ध्या ओल्या नारळाचं पहिलं दाट दूध वेगळं काढून ठेवायचं. पातेल्यात तूप, त्यात दालचिनी, लवंग, हिरवी वेलची, मिरी आणि मधे चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या, वाटण घालून मंद परतायचं, करपू द्यायचं नाही, मग अळणी घालून उकळी आणायची. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद, तोवर डाव हलवत राहायचा एकाच दिशेनं. दूध फुटलं की वर तेल आणि खाली चोथा, ते परत जोडलं जात नाही.

चिकनचाही होतो, पण चिकनला मी नारळाचं दूध थोडं कमी घालतो.


दुबईची_मावशी

पंचगंगाकाठी दादा, रस्सा वाचून जीव कासावीस झाला. इथे खसखशीवर बंदी आहे बरं का, भारतातून येताना बॅगेत चुकूनही आणू नका कोणी, कायद्याने गुन्हा आहे. पूजेच्या सामानात, मसाल्याच्या डब्यात पुड्या तशाच राहून गेलेल्या असतात, येणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच फोन करून सांगते, डबे तपासून घ्या.

खसखशीच्या जागी मी मगज आणि पांढरे तीळ निम्मेनिम्मे घेते. तीळ जास्त झाले तर कडवटपणा येतो, म्हणून मगजच थोडा जास्त. इथे ताहिनी सगळीकडे मिळते, ती म्हणजे तिळाचं तयार बारीक वाटणच, त्यामुळे घाईच्या दिवशी दोन चमचे ताहिनी कोमट अळणीत कालवून रस्सा दाट करते. ताहिनी थेट उकळत्या पातेल्यात टाकू नका, गुठळ्या होतात, आधी वाटीत पातळ करून घ्या.


अक्षय_ठाणे

नमस्कार, एकटा राहतो, ऑफिसवरून यायला साडेआठ होतात, त्यामुळे नारळाचं दूध काढणं वगैरे होणार नाही. तीन प्रश्न आहेत. ओट्स घालून सूप दाट केलं तर चालेल ना, ते हेल्दी असतात. नाचणीचं पीठ घरी आहे, आईने पाठवलंय, ते लावलं तर? आणि झॅन्थन गम नावाचा प्रकार ऑनलाइन दिसला, तो कोणी वापरलाय का?


ओवी_के

@अक्षय, ओट्स आणि नाचणी दोन्ही चांगली धान्यं आहेत, सकाळी आंबील करून खुशाल घे, पण कार्ब कमी करायचं म्हणून सूप करतोयस तर त्यात ती नकोत. ओट्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ६५ आणि नाचणीत ७० च्या वर कार्ब असतं, गव्हाच्या आसपासच. तंतू जास्त आहेत, कॅल्शियम आहे, ते सगळं खरं, पण या हिशेबात ते पीठच.

तुझ्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे मशरूम. २०० ग्रॅमचं एक पाकीट मिळतं, तेवढं एकाला पुरतं. ओल्या फडक्याने पुसून काप कर, लोण्यावर मोठ्या आचेवर परत, आधी पाणी सुटेल, ते आटून कड तपकिरी होईपर्यंत थांब. मीठ तेव्हाच घाल, आधी घातलंस तर पाणीच पाणी होतं. लसूण, मिरी, दीड वाटी पाणी, पाच मिनिटं. निम्मे मशरूम चमचाभर भिजवलेल्या बदामांबरोबर वाट, निम्मे तसेच राहू दे. दोन चमचे क्रीम. बदाम सकाळी निघताना पाण्यात टाकून जा. वीस मिनिटांत जेवण तयार.

झॅन्थन गम मी वापरलेला नाही, कोणाला माहिती असेल तर लिहा.


म्युनिकहून_मधुरा

झॅन्थन गम मी नेहमी वापरते. तो फार म्हणजे फारच कमी लागतो, दोन कप सूपला पाव छोटा चमचासुद्धा पुष्कळ होतो. थेट भुरभुरवला तर वर माशाच्या डोळ्यासारखे गोळे तरंगतात, म्हणून आधी चमचाभर तेलात किंवा वितळलेल्या लोण्यात मिसळायचा आणि ब्लेंडर चालू असताना बारीक धारेने सोडायचा. जास्त झाला की सूप बुळबुळीत होतं आणि मग काही उपाय नाही. इसबगोलचंही तेच, घातल्या घातल्या ठीक लागतं, दहा मिनिटांनी खळ होते.

मला स्वतःला त्यापेक्षा अंड्याचा बलक आवडतो, इकडे युरोपात जुनी पद्धत आहे ही. दोन बलक दोन चमचे क्रीममध्ये फेटायचे, त्यात गरम सूपची एक पळी हळूहळू ओतत फेटत राहायचं, म्हणजे बलक गरम होतो पण शिजून गोठत नाही, आणि मग ते मिश्रण पातेल्यात. त्यानंतर उकळायचं नाही, उकळलं की अंड्याची भुर्जी तरंगते. कार्ब जवळपास शून्य, आणि जे घट्टपण येतं त्याला तोड नाही. चिकनच्या सूपला तर फारच छान.

क्रीमबद्दल एक. इथे जे क्रीम मिळतं त्यात ३० टक्के किंवा जास्त फॅट असतं, ते उकळलं तरी सहसा फाटत नाही. भारतात टेट्रापॅकमधलं अमूल फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं, ते गॅस बंद केल्यावरच घाला. टोमॅटो असेल तर नक्कीच.


रानजाई

घरची साय घातली तर? आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, भरपूर साय निघते, तुपाला लावते तरी उरते.


नीलमोहर_काकू

रानजाई, साय घाल ना, विकतच्या क्रीमपेक्षा चांगली. फक्त आधी वाटीत चमच्याने किंवा रवीने एकजीव फेटून घे, थोडं सूप घालून परत फेट आणि मग पातेल्यात. तशीच टाकलीस तर सायीचे पापुद्रे तरंगतात आणि कडेने तूप सुटतं. ताजीच घे, विरजणाला लावलेली आंबट साय नको.

आता माझा प्रकार. आम्ही अमरावतीकडचे, घरामागे शेवग्याचं झाड. शेंगांचं सूप पावसाळ्यात, फ्लॉवर नसतो तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी होतं. कोवळ्या शेंगा नको, भरलेल्या हव्यात, गर असलेल्या. ५-६ शेंगांचे बोटभर तुकडे, दोन लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, बुडतील इतकं पाणी, कुकरला दोन शिट्ट्या. गार झालं की प्रत्येक तुकडा उभा फाडायचा आणि चमच्याच्या कडेने आतला गर खरवडून काढायचा, हे काम वेळखाऊ आहे पण याला पर्याय नाही, सालांसकट मिक्सरला लावून गाळलं तर धागे गाळणीतून निसटतात आणि घशाला लागतात. तो गर आणि शिजवलेलं पाणी एकत्र वाटायचं. त्या गरालाच असा एक चिकटपणा असतो की सूप आपोआप दाट होतं, दुसरं काही लागत नाही. वरून तुपात जिरं आणि मिरपूड, लिंबू, आणि पोटभरीचं करायचं तर सायीचा चमचा आणि पनीर किसून.

दुधीचंही असंच, पण दुधी पाणचट असतो म्हणून त्याला चमचाभर तीळ भाजून वाटून लावायचे. दुधी कापल्यावर कच्चा तुकडा चाखून बघायचा, कडू लागला तर सरळ टाकून द्यायचा, कडू दुधी पोटात जाणं धोक्याचं असतं.


जुना_जाणता

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. आमच्या पिढीला मुगाचं कढण, कुळथाचं पिठलं, डाळीचं वरण यावर वाढवलं. आज डाळीत कार्ब आहे म्हणून तीही ताटातून काढायची, हे मला पटत नाही. मुगाचं कढण दाट असतं, स्वस्त असतं, पोट भरतं, पनीर-बदाम-क्रीम सगळ्यांना परवडत नाही. किती घरांत रोज १०० ग्रॅम पनीर येतं?


ओवी_के

@जुना_जाणता काका, तुमचा मुद्दा खरा आहे आणि डाळ काढून टाका असं मी कुणालाच म्हणणार नाही. डाळीत ६० टक्क्यांच्या आसपास कार्ब असतं पण ते हळूहळू पचतं, बरोबर प्रोटीन आणि तंतू असतात. बाबांनाही दुपारी वरण असतंच. फक्त रात्रीचं एक जेवण हलक्या कार्बचं करायचं एवढाच विचार आहे.

खर्चाचं म्हणाल तर मगजाऐवजी शेंगदाणे. आपल्या उपासाच्या शेंगदाण्याच्या आमटीची सवय असते त्यांना ही चव नवीन नाही. मूठभर भाजलेले दाणे, सालं काढून, गुळगुळीत वाटून दुधीच्या सूपला लावा, जिरं-मिरची-तुपाची फोडणी, गूळ मात्र नको. १०० ग्रॅम दाण्यांत १६ ग्रॅम कार्ब, त्यातलं निम्मं तंतूंचं, आणि प्रोटीन २५. तीन माणसांना ३०-३५ ग्रॅम दाणे पुरतात. पनीर परवडत नसेल तर वरून अंडं. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम प्रोटीन, आणि फेटलेलं अंडं उकळत्या सूपमध्ये बारीक धारेने सोडलं की त्याच्या तारा होतात, सूप भरदार दिसतं.


जुना_जाणता

शेंगदाण्याचं पटलं. दुधी-दाण्याचं सूप करून बघायला सांगतो घरी. त्यात चार आमसुलं टाकली तर?


ओवी_के

चार नको काका, दोन पुरे, आणि वाटल्यानंतर घाला, वाटताना नको. छान लागेल.


आहारवेध

मी आहारतज्ज्ञ म्हणून मधुमेहाच्या पेशंटबरोबर काम करते, त्यामुळे हे लिहिणं गरजेचं वाटतं. धाग्यातले पदार्थ उत्तम आहेत. पण घरात कोणी गोळ्या किंवा इन्सुलिनवर असेल आणि रात्रीचं भाकरी-भात एकदम बंद करून सूपवर आणलं, तर औषधाचा डोस तोच राहिला की साखर खाली जाऊ शकते. विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या आणि इन्सुलिन. हात थरथरणं, घाम, अचानक कडकडून भूक, गोंधळल्यासारखं होणं, असं काही झालं तर साखर तपासा, आणि मीटर हाताशी नसेल तर न थांबता साखर-पाणी द्या. बदल करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, ते डोस ठरवतील.

दुसरं, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं चालू असतील तर कार्ब खूप कमी करणं स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. या औषधांवर शरीरात कीटोन वाढून आम्लता होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा रक्तातली साखर फार वाढलेली नसली तरी हे होऊ शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

पालकाचं सूप रोज करणाऱ्यांसाठी. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत पण प्रमाण रोज सारखं ठेवायचं, एकदम पालकाचा मारा केला तर गोळीचा परिणाम बदलतो. मुतखड्याचा त्रास असेल तर पालक कमी, दुधी जास्त. किडनीचा आजार असेल तर टोमॅटो, पालक, नारळाचं दूध, सगळं डॉक्टरांना विचारूनच.

बाकी ज्यांना काही आजार नाही त्यांनी लो-कार्ब आणि कीटो यात गल्लत करू नका. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब असेल तर साधारण लो-कार्ब म्हणतात, कीटोमध्ये ते २० ते ५० ग्रॅमवर आणतात. रात्री एक वेळ सूप घेतल्याने कोणी कीटोवर जात नाही, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही.


ओवी_के

@आहारवेध, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी नीट वाचा कृपया. बाबांच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच कमी केल्या होत्या, पण हे मी धाग्यात लिहायला हवं होतं असं तुमच्यामुळे लक्षात आलं, मूळ लेखात वर भर घालते.


अक्षय_ठाणे

मशरूमचं केलं, भारी झालं! पाणी आटेपर्यंत थांबलो, खरंच वेगळीच चव आली. पाकिटातल्या सूपच्या मागे वाचलं तर यादीत पहिल्या दोन-तीन नावांत मैदा, कॉर्नफ्लोअर आणि साखर. आता टोमॅटोचं क्रीम सूप कसं करायचं ते सांगा कोणीतरी, मला तेच सगळ्यात आवडतं पण घरी केलं की एकतर पातळ होतं नाहीतर दूध फाटतं.


म्युनिकहून_मधुरा

टोमॅटो आंबट, म्हणून दूध फाटणारच, दुधाचा नाद सोड. अर्धा किलो पिकलेले लाल टोमॅटो अर्धे कापून, चिरलेली बाजू वर करून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये भाज, कडा काळपट होईपर्यंत. ते नसेल तर तव्यावर झाकण ठेवून, मग झाकण काढून रस आटव. यानेच निम्मा दाटपणा येतो, कारण पाणी उडून जातं, आणि आंबटपणाही मऊ होतो, साखर घालायची वेळ येत नाही. बरोबर लसणाच्या पाकळ्या सालासकट भाजायच्या, नंतर पिळून काढायच्या. १०-१२ भिजवलेले सोललेले बदाम आधी बारीक वाटून घे, मग टोमॅटो घालून वाट, गाळणीतून काढ, गरम कर, गॅस बंद, मग क्रीम. हॉटेलात रंगासाठी गाजर-बीट घालतात, त्या दोन्हींत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं, थोडं घातलं तर बिघडत नाही, पण रंग चांगल्या पिकलेल्या टोमॅटोचाच येऊ दे.


पंचगंगाकाठी

टोमॅटोवर एक सुचवतो. बदामाच्या ऐवजी सुकं खोबरं भाजून अगदी गंधासारखं वाटून लावा आणि वर कढीपत्त्याची फोडणी. सूप म्हणा नाहीतर सार म्हणा, वाटीवर वाटी जातं. आमच्याकडं त्यात उकडलेली अंडी अर्धी करून सोडतात, भाकरीची आठवण येत नाही.


दुबईची_मावशी

हे सूप करून ठेवता येतात का? शुक्रवारी एकदम जास्त करून फ्रीजरमध्ये ठेवावं म्हणते, नोकरीच्या दिवसांत रोज वाटणघाटण होत नाही.


ओवी_के

@मावशी, फ्लॉवर, दुधी, शेवगा, टोमॅटो यांचा शिजवून वाटलेला गर फ्रीजरमध्ये महिनाभर छान राहतो, पण साय, क्रीम, पनीर, नारळाचं दूध घालायच्या आधीचा. ते घालून गोठवलं की वितळताना पाणी वेगळं आणि स्निग्ध वेगळं होतं. मी एका वेळेपुरते लहान डबे भरते, डब्यात वर दोन बोटं जागा सोडून, कारण गोठताना फुगतं. मगज आणि बदामाची पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, लागेल तेव्हा दोन खडे काढायचे. मशरूम मात्र गोठवू नका, ते ताजंच करा, वीस मिनिटांचं तर काम आहे. आणि तयार सूप साध्या फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको. गरम करताना मंद आच आणि आधी पाव वाटी पाणी, कारण बियांमुळे रात्रभरात ते बरंच घट्ट बसतं.


पंचगंगाकाठी

अळणीपण गोठवा मावशी. मटण आणि रस वेगवेगळा ठेवायचा. वर जी चरबी जमते ती काढून टाकू नका, तीच झाकण होते, वापरताना हवी तेवढी घ्या. वाटण आणि नारळाचं दूध त्या दिवशी ताजं.


दुबईची_मावशी

इथे नारळाच्या दुधाचे डबे मिळतात, त्यात घट्टपणासाठी गम घातलेला असतो बऱ्याचदा. ते चालतील का रश्श्याला?


पंचगंगाकाठी

चालतील की. डब्यामागं साखर लिहिली नाही ना तेवढं बघून घ्या, आणि डबा हलवून उघडा, नाहीतर मलई वर आणि पाणी खाली राहतं. अर्धा लिटर अळणीला पाऊण वाटी पुरतं, त्यात मिठाचा अंदाज शेवटी घ्या, दूध घातल्यावर मीठ कमी लागतं की जास्त ते चाखल्याशिवाय कळत नाही.